दर पाचवं झाड

नांदेडच्या एका कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवतो. प्रमाण विचलन फळ्यावर शिकवलं की पोरं सूत्र पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात, म्हणून मी त्यांना कॉलेजमागच्या सोयाबीनच्या तुकड्यात नेऊ लागलो. नियम साधा होता. आपापल्या तासातल्या, म्हणजे ओळीतल्या, दर पाचव्या झाडाची उंची मोजायची, मग ते कसं का असेना. अशी चाळीस झाडं. त्यांची सरासरी काढायची आणि एकेक झाड त्या सरासरीपासून किती लांब पडतं ते बघायचं. "सरासरी कुणीही सांगेल, झाडं एकमेकांपासून किती वेगळी आहेत ते तुम्ही सांगा," असं मी म्हणायचो. बोलायला मी चांगला होतो.

मोजत मात्र कुणीच नव्हतं. पोरं बांधावरच्या लिंबाखाली बसून आकडे लिहायची. कुणी शेजारच्याचं बघून, कुणी गेल्या वर्षीच्या जर्नलवरून. सगळ्यांची झाडं पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आगंमागं, तपासायला सोपी. मला हे ठाऊक होतं. मी सह्या करत गेलो.

त्या वर्षी जळकोटकडची एक मुलगी होती. शेतकऱ्याच्या घरातली, कॉलेजात आलेली पहिलीच. तिला कडेचा तास आला. ती दुपारभर उन्हात उकिडवी बसून मोजत होती आणि लिंबाखालची पोरं तिला हसत होती. चार दिवसांनी तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिची जर्नल माझ्याकडं सरकवली. पहिली अठ्ठावीस झाडं सगळ्यांसारखी. पुढची बारा: चौदा, अकरा, सोळा, अशी.

"पट्टी उलटी धरली होती काय गं?" मी म्हणालो. सगळे हसले.

"न्हाई सर. हाय तसंच लिवलंय. तिकडली झाडं खुजीच हायत. चला, दावते."

परीक्षकांसमोर 'चला' म्हणाली, ते मला लागलं. "घरी बसून लिहायचं आणि वर तोंड करून बोलायचं?" मी म्हणालो आणि शून्य दिलं. प्रात्यक्षिकात नापास म्हणजे वर्ष अडकलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी पट्टी घेऊन एकटाच तुकड्यात गेलो. कडेच्या तासाच्या शेवटाला हॉस्टेलच्या टाकीचं पाणी झिरपत होतं. तिथली झाडं पिवळी पडून बसली होती, चार दिवसांत कणभर वाढली नव्हती. मोजली. चौदा. अकरा. सोळा. बाराच्या बारा.

गुणांची यादी अजून माझ्याच कपाटात होती. एक आकडा खोडायचा होता. पण तिची जर्नल खरी म्हटली तर बाकीच्या सगळ्या उघडाव्या लागल्या असत्या, आणि प्रत्येकीवर माझी सही होती. सकाळी मी यादी ऑफिसात दिली.

आठवड्यानं तिचे वडील आले. दाराशीच उभे राहिले.

"सर, पोरगी खोटं लिवती म्हणं?"

"तसं झालंय खरं," मी म्हणालो. खाली बघून.

"आमाला वाटलं शिकायलीय." एवढंच बोलून ते दाखला काढायला गेले. ती व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. माझ्याकडं बघत होती. मी वर्गात शिरलो.

याला अकरा वर्षं झाली. बायकोलाही मी हे सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात जळकोटला गेलो, पत्ता विचारत तिच्या वडिलांच्या दारात उभा राहिलो. पाणी पुढं आलं, चहा आला. मग मी सगळं सांगितलं, यादीचंसुद्धा.

त्यांनी तंबाखू मळायला घेतली.

"म्हंजी खरं बोलत व्हती."

"हो."

"त्या दिशी नांदेडच्या ष्टँडावर म्या तिच्या थोबाडीत मारली, सर. चौघांत. जन्मात कधी हात लावला नव्हता. म्हणत व्हती, बापू, झाडं अजून उभी हायत, चला बघायला. म्या म्हणलं, सर कशापायी खोटं बोलतील?"

त्याच उन्हाळ्यात तिला धर्माबादला दिली, असं त्यांनी सांगितलं. मी म्हणालो, तिला कळवा, तिचं बरोबर होतं म्हणून.

"तुमीच सांगा. माझ्याच्यानं न्हाई व्हायचं."

तंबाखूच्या पुडीचा कागद फाडून त्यांनी नातवाकडून नंबर लिहवून घेतला.

मी तो दोनदा लावला. दोन्ही वेळा तिनंच उचलला. "हालो, कोण बोलायलंय?" म्हणाली. मागं कुकरची शिट्टी होत होती. दोन्ही वेळा मी फोन ठेवून दिला.