उगवतीचं टोक

गच्चीवर वाळलेल्या चादरीची घडी घातली, ते आमचं दोघांचं शेवटचं काम. समोरासमोर उभं राहिलं की बायकोचं डावं ते माझं उजवं. मी दर खेपेला चुकायचो, चादरीला पीळ पडायचा. म्हणून ती डावं-उजवं बोलायचीच नाही. आमच्या साताऱ्याकडं शेतात उगवतीकडं, मावळतीकडं म्हणतात. नवी मुंबईत, करंजाड्यात आठव्या मजल्यावर येऊनही ती तसंच बोलायची.

"अहो, उगवतीचं टोक उचला. सूर्य बुडतोय कुठं बघा, त्याच्या उलटं. कळलं?"

लेकीची मुलगी आमच्याकडंच राहते. विमानांना कधी उतर, कधी थांब सांगायची नोकरी असते, तिच्या परीक्षेची तयारी करत ती पाण्याच्या टाकीला टेकून बसलेली. त्या परीक्षेत चित्रं असतात. विमान आपल्याकडं तोंड करून येतंय, तर पायलटच्या डाव्या हाताला काय? पोरगी सारखी चुकत होती.

बायको म्हणाली, "तू गच्चीवर बसून बघतेस. विमानात जाऊन बस, मग सांग."

"तिकीट कोण काढणार, आजी?"

"आबा काढतील. वाट मात्र त्यांना विचारू नको. वाशीला निघतील नि उरणला पोचतील."

नव्या विमानतळावर एक विमान उतरत होतं. बायको तिकडं बघत राहिली.

"एक दिवस ही पोरगी त्याला सांगेल, थांब म्हणून."

"विमान हवेत थांबत नाही," मी म्हटलं.

"मग घिरट्या घालेल. पण हिचं ऐकेल."

पहाटे बायको उठलीच नाही. झोपेत गेली. संध्याकाळपर्यंत सगळं उरकलं. घर माणसांनी भरलेलं, आणि मला कुठं बसावं ते कळेना. जन्मभर मार्केटात पोती वाहिली, पण पाठ अशी रिकामी कधी वाटली नव्हती. अजून मी कूस बदलतो ती तिच्याच बाजूला. मोकळी जागा असते. तिथं सरकत नाही.

परीक्षा दुसऱ्याच दिवशी होती. माझी बहीण म्हणाली, "सुतकात पोरगी परीक्षेला? लोक काय म्हणतील?" पोरीनंही हॉलतिकीट कपाटात टाकलं. "पुढच्या वेळी बघू, आबा."

सकाळी मी उठून चहा ठेवला. बहीण धावत आली. "दादा, सुतकात चूल पेटवत नाहीत!"

"गॅस आहे," मी म्हटलं.

पोरीला हलवून उठवलं. "ऊठ, तोंड धू. तुझ्या आजीला हवं होतं, तू परीक्षा द्यावीस."

"डोक्यात काही राहत नाही, आबा. रडूच येतंय."

"तिथं बसून रड. पण पेपर समोर ठेवून."

रिक्षा करून खांदेश्वरला सेंटरवर नेलं. ती गेटातून आत गेली. बाकीचे आईबाप सावली बघून पांगले. मी उन्हात गेटासमोरच उभा राहिलो. बाहेर आल्यावर आबा कुठं, ते पोरीला शोधायला लागू नये.