शेपटीचं लिंबू

आईने माझ्या विमानाची पूजा केली आणि त्याच सकाळी ते नाकावर आपटलं.

विमान म्हणजे रिमोटचं, हवेत कोलांट्या मारणारं. मी बदनापूरला अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवतो. तीन महिने खपून मी ते जोडलं आणि असं तोललं, की पंखांखालच्या खुणांवर दोन बोटं टेकवली की तराजूच्या दांडीसारखं स्थिर! (हे पाहायला बायकोला चौदा वेळा यावं लागलं. शेवटी ती स्वयंपाकघरातूनच "हो, स्थिर आहे" म्हणायला लागली.)

पहिलं उड्डाण हसनाबादला, आमच्या शेतात ठरलं, कारण आबांना, म्हणजे वडिलांना, दाखवायचं होतं. त्यांनी बैलजोडीचं कौतुक केलंय, ट्रॅक्टरचं केलंय, शेजाऱ्याच्या म्हशीचं तर दोनदा केलंय. माझं राहिलं होतं. पन्नाशी आली तरी मला ते हवं होतं, अगदी मनापासून.

सोयाबीन निघालेल्या रानात आबांनी एक पट्टा सपाट करून ठेवला होता. बांधावर त्यांचे चार दोस्त बसलेले. मी विमान ठेवलं, तोच आई हळद-कुंकू घेऊन आली.

"नवी गाडी हाय. पूजा न करता चालवतेत का?"

"माय, ही गाडी न्हाई."

"चाकं हायेत ना? मंग?"

चाकं तर होती. नाकावर कुंकू लागलं, मी नारळ फोडला, दोस्तांना खोबरं वाटलं. मग ऐटीत म्हणालो, "आबा, बघा आता," आणि विमान दोन बोटांवर उचललं. शेपूट धाडकन खाली!

"बराबर हाय का हे?" आबांनी विचारलं.

शेपूट का बसली हे पाहायला शेपटीकडे बघावं, एवढं मला सुचलं नाही. मी थेट गणितात शिरलो. प्रवासात काही सरकलं असेल, असं ठरवून बॅटरी पार नाकात ढकलली, पट्ट्याने आवळली, झाकण लावलं. विमान पुन्हा स्थिर! बायकोकडे पाहिलं. तिने लांबूनच मान डोलावली.

मग रिमोट घेऊन तीस पावलं मागे गेलो. इतक्या लांबून शेपटीचं पातं डावी-उजवीकडे फिरतं का ते तपासलं. उत्तम. वाऱ्याचा अंदाज घ्यायला जरा पाठ फिरवली, मग वळून मोटार सुरू केली. विमान सुसाट निघालं, पण उठेना! नाक काही केल्या वर येईना. पट्टा संपला आणि ते ढेकळांत नाक खुपसून उभं राहिलं. दोस्तांपैकी एकाने आबांना विचारलं, "पेरणीचं हाय का?"

धावत गेलो. पंखा शाबूत होता, पण बॅटरीचं झाकण आपटून असं चेपलं होतं की निघता निघेना. मागून बायको आली.

"अहो, आईंच्या हातात काय आहे बघा."

आईच्या हातात काळ्या दोऱ्याला ओवलेलं लिंबू आणि सात मिरच्या.

"मी नारळ फोडून राह्यलो व्हतो, तवा बांधलं का हे?"

"व्हय, शेपटीला. फुडं पंखा हाय ना. पर तू तिकडं गेला अन् शेपूट वळवळाया लागली. म्हनलं, लिंबू अडकंल. सोडलं."

म्हणजे मी लिंबासकट तोललं होतं आणि बिनलिंबाचं, नाकाला जड झालेलं सोडलं होतं! बांधावरच्या सगळ्यांना ते लिंबू दिसत होतं. त्यांना वाटलं, मास्तरांनाही दिसतंय.

"आता ती बॅटरी मागं घे," आबा म्हणाले.

"झाकण निघत न्हाई."

आबांनी आईकडे पाहिलं. "बांध मंग परत. जिथं व्हतं तिथंच."

आईने पात्यापासून चार बोटं लांब, करकचून बांधलं. मी पुन्हा मोटार सुरू केली आणि विमान पट्ट्याच्या अर्ध्यातच उठलं! कपाशीवरून वळलं, एक कोलांटी, दुसरी कोलांटी, मागे मिरच्या फडफडतायत. दोस्त उठून उभे राहिले. आबा टोपी काढून वर बघत होते.

उतरवलं तेव्हा आबा फोनवर माझ्या मामांशी बोलत होते. मी कान टवकारून जवळ उभा राहिलो.

"उडालं ना! कोलांट्या मारल्या त्यानं. काय सांगू, लई हुशार... न्हाई न्हाई, पोरगं न्हाई. तुजी बहीण! वजन बराबर तिनं केलं."

बावीस वर्षं गुरुत्वमध्य शिकवतोय. यात खोडायला एक शब्द सापडला नाही.