भिंतीवरचं मांजर

पावणेपाचला तिचे डोळे उघडायचे. गजराची गरज कधी पडली नाही. पाणी तापवायचं, दोन वेळचा स्वयंपाक उरकायचा, सासूची वेणी घालायची, गोळ्या वाटीत काढून ठेवायच्या आणि साडेसातला घराबाहेर पडायचं. आठला सोफ्याच्या कारखान्यात मशीनवर बसायचं, ते साडेपाचला उठायचं. अशी अठरा वर्षं. त्यात दोनदा उशीर झाला आणि दोन्ही वेळचं कारण तिला आजही तारखेसकट सांगता येतं.

कारखान्यात तिला सगळे तुकडेताई म्हणत. नाव तिनंच ओढवून घेतलं होतं. सोफ्याचं कापड कापून झालं की उरलेले तुकडे एका मोठ्या पिंपात पडायचे आणि दर शनिवारी कामगारांना किलोवर मिळायचे, अगदी मातीमोलानं. बाकीचे लादी पुसायला चार तुकडे उचलायचे. ही कमरेपर्यंत पिंपात उतरायची.

पण हाताला लागेल ते घेणाऱ्यांतली ती नव्हती. तुकडा आधी दारापाशी उजेडात न्यायचा. मग तिरका ताणायचा. सोडल्यावर जागेवर आला नाही तर नको. ओल्या रुमालानं घासायचा. रंग सुटला तर परत पिंपात. रेक्झिनला दोनदा विचार करायचा, कारण त्यात सुई एकदा चुकली की भोक कायमचं. मखमल असली तर तळवा फिरवून लव बघायची. मखमलीची लव एका दिशेला निजलेली असते. त्या दिशेनं हात फिरवला की गुळगुळीत, उलटा फिरवला की खरखरीत. सोफ्यावर लव नेहमी वरून खाली ठेवतात, नाहीतर एक बाजू फिकी दिसते, एक गडद. नवी मुलगी इथं चुकली की तुकडेताई तिला सबंध शिलाई उसवायला लावायची. रडली तरी.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी सासूचा पलंग, आत स्वयंपाकघर, त्याच्या टोकाला बाथरूम. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. राहिल्या दोघी. घरात जे काही शिवता येईल ते तिनं पिंपातल्या तुकड्यांतून शिवलं होतं. स्टुलाला गादी, दाराखालच्या फटीला वाळू भरलेली वळकटी, खिडकीला पडदा, बाजाराच्या पिशव्या, सिलिंडरला झगा, पाण्याच्या जगाखाली जाड चौकोन. सासू म्हणायची, "घरात नागडं काही ठेवायचं नाही असं ठरवलंयस का? एक दिवस मलाच कव्हर शिवशील."

"माप द्या, शिवते."

"चेन मागून लाव. पुढून टोचते."

सासूची नजर आधी डाव्या डोळ्याची गेली, मग उजव्याची. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. ती बाथरूमला जाताना दोनदा पडली. दोन्ही वेळा शेजारणीनं कारखान्यात फोन केला. मग ताप आला, तीन दिवस दवाखान्यात काढावे लागले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पाणी पोटात जात नाहीये. दिवसाला आठ पेले तरी हवेत. पुन्हा असं झालं तर मात्र दिवसभर जवळ माणूस लागेल."

"अहो, मी रोज जग भरून ठेवते. संध्याकाळी रिकामा असतो."

घरी आल्यावर तिची नजर खिडकीतल्या कोरफडीवर गेली. कोरफड पाण्यावाचून महिनाभर तगते. ही मुळापासून कुजली होती.

"आई, कोरफडीला पाणी कोण घालतं?"

"मला काय ठाऊक? मला दिसतंय का?"

"आई."

सासूनं तोंड भिंतीकडे केलं. "प्यायलं की जावं लागतं. गेले की पडते. पडले की तुला कामावरून बोलावतात. त्यापेक्षा नकोच ते."

नणंद भेटायला आली. ती वाईट नव्हती, खरं तेच बोलली. "वहिनी, एक तर तू नोकरी सोड, नाहीतर आईला मी नेते. महिनाअखेरपर्यंत ठरव."

ती गेल्यावर सासू म्हणाली, "तिच्याकडे काही कमी नाही गं. माणसं आहेत, मोठी खोली आहे. पलंगापाशी भांडं ठेवतील. पण मला उठू देणार नाहीत." आणि पुढे, "एकदा निजवलं ना, की माणूस निजलेलंच राहतं."

नोकरी सोडली तर चूल कशावर पेटणार? आणि सासूला पाठवली तर पावणेपाचला उठायचं कुणासाठी? तुकडेताईनं त्यावर फार विचार केला नाही. विचारापेक्षा माप बरं. तिनं फीत काढली. पलंगापासून भिंतीभिंतीनं, दाराची चौकट ओलांडून, बाथरूमच्या कडीपर्यंत एकोणीस फूट भरले.

"आई, उभ्या राहा. कोपर दुमडा."

"निघालीस ना शेवटी मला कव्हर शिवायला?"

"तुम्हाला नाही. भिंतीला."

कारखान्यातल्या सुतारानं लाकडी पट्ट्या रंधून दिल्या. त्यांवर तिनं फोमची पट्टी बसवली, वर कापड ताणून मागून पिना मारल्या. सासूच्या कोपराच्या उंचीवर सबंध वाटेवर ती मऊ कड ठोकली. अठरा वर्षं जपलेले पेटीतले एकूण एक चांगले तुकडे बाहेर काढले होते. बावीस तुकडे लागले. पलंगापाशी पोपटी, मग हळूहळू गडद होत बाथरूमपाशी काळपट हिरवा. पानाफुलांची नक्षी जोडावर अशी जुळवली की पान कुठे तुटलेलं दिसू नये. मखमलीची लव सगळीकडे वरून खाली. तीन संध्याकाळी गेल्या, चार सुया मोडल्या. घरचं मशीन हलकं होतं. कापडाचे चार थर आले की सुई कडकन जायची. जाड कापड शिवायचं जुनं मशीन घ्यायला ती तीन वर्षं पगारातून बाजूला टाकत होती.

सासूनं भिंतीकडे तोंड करून दोन्ही तळवे कडेवर ठेवले आणि एक एक पाऊल बाजूला टाकत खेकड्यासारखी बाथरूमपर्यंत जाऊन आली. "छान झालंय हो. रंग कोणता गं?"

"हिरवा. इथं पोपटी, पुढे गडद होत जातो."

"अगं बाई. दिसत असेल छान."

तुकडेताईचा चेहरा खुलला. चूक तिथंच होती, पण तेव्हा तिच्या ध्यानात आली नाही.

गुरुवारी ती घरी आली तेव्हा सासू स्वयंपाकघरात ओट्याखाली जमिनीवर बसलेली होती. लुगडं ओलं. समोरच्या शाळेची मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हापासून ती तिथं होती. शेजारणीला हाक मारली नव्हती. मारली असती तर कारखान्यात फोन गेला असता.

तुकडेताईनं पाणी तापवलं, अंग पुसलं, कपडे बदलले, कोरड्या पंच्यानं पाय खसाखसा चोळले. मग सासू आपणहून बोलली. "प्रत्येक जोडापाशी वाटतं, टोक आलं. तिथंच हात चाचपत बसतो. बघता बघता भोवळ आली. मग जात होते की येत होते, तेच कळेना."

"उजव्या हाताला बाथरूम, आई."

"घाबरल्यावर उजवं कुठलं नि डावं कुठलं गं? दोन्हीकडे सारखीच भिंत."

दिवा लागला. दोघींनी पेला पेला चहा घेतला. सासूच्या मांडीवर मखमलीची एक जुनी उशी होती, तिच्यावर तिचा हात उगाच पुढे-मागे फिरत होता. "आपलं ते बोकं आठवतं का तुला? हे अगदी तसं आहे बघ. इकडून हात फिरवला की गप्प. इकडून फिरवला की फिसकारतं."

तुकडेताई त्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं भिंतीकडे पाहिलं. पोपटी, हिरवा, गडद हिरवा. जुळवलेली पानं. लव वरून खाली, कारण सोफ्याची लव वरून खाली असते. आंधळ्या बाईसाठी तिनं रंग जुळवले होते. तीन संध्याकाळी राबून सगळं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी केलं होतं, आणि गिऱ्हाइकाला डोळेच नव्हते.

नव्या मुलीनं हे केलं असतं तर काय सांगितलं असतं? ती उठली, पिना उपसायचा चिमटा घेतला आणि पलंगापासून सुरुवात केली.

"काय करतेस गं?"

"उसवतेय."

"सगळं?"

"सगळं."

शनिवारी ती पिंपापाशी गेलीच नाही. लव रोलच्या लांबीला धावते. ती भिंतीवर आडवी, पलंगाकडून बाथरूमकडे निजवायची तर कापड लांबीतच हवं, आणि मध्ये एकही जोड नको. एकोणीस फुटांचा तुकडा कुठल्या पिंपात पडत नाही. ती थेट कटिंग मास्तरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"तुकडेताई, रस्ता चुकलात. पिंप तिकडे."

"आज रोल. मखमलीचे सगळे काढा."

मास्तरांनी पाच रोल टेबलावर मांडले. "रंग कोणता?"

"थांबा." तिनं डोळे मिटले. एकेका रोलवर तळवा पुढे नेला, मागे आणला. तिसऱ्याशी थांबली, पाचव्यापर्यंत जाऊन परत तिसऱ्याशी आली. "हा. सहा मीटर." डोळे उघडले तेव्हा कळलं, की तो वांगी रंगाचा होता.

"कुणाची ऑर्डर?"

"माझी."

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. तिनं भिंतीचं सांगितलं, तेव्हा म्हणाले, "अहो, तुम्हाला पट्टी हवी नऊ इंचांची. कापडाचा पन्हा आहे चोपन्न इंच. उरलेल्याचं काय करणार?"

"तुकडे."

मास्तर हसता हसता खोकले. "बरं, मालकांच्या कानावर घालतो. दरात थोडंफार बघतील."

"नका घालू. पिंपातलं पिंपाच्या दरानं, रोलवरचं रोलच्या दरानं. कापा, पण सरळ कापा."

मास्तरांनी ते तीनदा मापून कापलं.

रविवारी नवी कड भिंतीवर चढली. सबंध लांबीत एक जोड नाही. चौकटीपाशी कापड न कापता वळवून घेतलं. बाथरूमच्या टोकाला सोफ्याला लावतात तसं एक बटण खोल ओढून बसवलं, पलंगाच्या टोकाला दोन. मग सासूला उभं केलं आणि स्वतः चार हात लांब जाऊन उभी राहिली. जवळ राहणं सोपं होतं. लांब राहायला जोर लागला.

"मांजर काय म्हणतंय, आई?"

"गप्प आहे."

"मग चला."

तळवे सरकत गेले. एक पाऊल, दुसरं पाऊल. चौकट ओलांडली. बटण लागलं. "एक आहे."

"बाथरूम. आता मधे येऊन थांबा, आणि स्वतःभोवती दोनदा फिरा."

"पाडशील मला."

"फिरा."

सासू फिरली, डगमगली. भिंत सापडली. तुकडेताईनं ओठ आवळले, जागची हलली नाही. म्हातारीचे तळवे एकीकडे सरकले, थबकले. "फिसकारलं."

"म्हणजे?"

"म्हणजे पलंग." ती चालू लागली. दोन बटणं हाताला लागल्यावर मटकन बसली आणि धापा टाकत म्हणाली, "फिसकारतं तेच घरी आणून सोडतं. तुझ्यासारखंच आहे मेलं."

सोमवारी तुकडेताईनं जग भरून ठेवला आणि साडेसातला निघाली. त्या दिवशी कारखान्यात तिच्या हातची एक शिलाई वाकडी गेली. कुणी पाहिलं नव्हतं, तरी तिनं उसवली.

घरी आली तेव्हा जग रिकामा. ती चपला काढून तडक खिडकीशी गेली. कुजलेली कोरफड उपटून तिथं तिनंच नवं पिल्लू लावलं होतं. तिनं मातीत बोट खुपसलं. दुसऱ्या पेरापर्यंत माती कोरडी ठणठणीत.

"काय चाललंय गं तिकडे?"

"कोरफडीला पाणी घालतेय. आज कुणी घातलेलं दिसत नाही."

"नाहीच घातलं," सासू म्हणाली. "मला काय तेवढाच उद्योग आहे?"

महिनाअखेरीस नणंद बॅग घेऊन आली. आईनं तिच्यासमोर उठून, भिंतीला धरून, जाऊन येऊन दाखवलं, आणि परत आल्यावर पेलाभर पाणी मागितलं. नणंद चौकटीला टेकून उभी होती. तिनं पदर डोळ्यांना लावला. संध्याकाळी ती गेली तेव्हा त्याच बॅगेतून वांगी मखमलीच्या दोन उश्या नेल्या.

उरलेल्या मखमलीतून पलंगाला चादर झाली, खुर्चीला पाठ झाली, शेजारणीला पिशवी झाली. घरच्या मशीनवर सुया अजून मोडतात. तुकडेताई मोडलेली सुई डबीत टाकते, नवी लावते. तीन वर्षं बाजूला टाकलेल्या पगारातून मशीन आलं नाही. सहा मीटर मखमल आली, आणि एक म्हातारी तिच्यावर हात ठेवून दिवसातून सहा वेळा आपल्या पायांनी बाथरूमला जाते आणि परत येते.