रशियन बाईंची हरलेली रिले

मैदानाच्या फाटकाशी गाड्या अडवायला एक लोखंडी साखळी होती. आम्ही पालक बाजूच्या फटीतून आत जायचो. रशियन बाई हातातल्या कागदी कपातला करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा, न सांडता साखळीवरून जायच्या. चाळिशीला टेकलेली बाई, पण पाय उचलताना चाल मंदावायची नाही.

आखातातल्या मदिनत सुलतान काबूस या वस्तीतल्या एका शाळेत त्या धावायला शिकवायच्या. मुली रडल्या तर चालायचं, रेंगाळलेलं चालायचं नाही. "रडायचंय? रड. पण चालत चालत. यल्ला, चल."

एके काळी त्या चारशे मीटर धावण्यात आणि त्याच अंतराच्या अडथळ्यांच्या शर्यतीत रशियाच्या विजेत्या होत्या. हे त्यांनी सांगितलं नाही, माझ्या मुलीने, ईशाने, नेटवर शोधलं. मला आकडे पडताळायची सवय. त्यांची सर्वोत्तम वेळ मी त्या वर्षीच्या जागतिक अंतिम फेरीशी ताडून पाहिली. दुसरा क्रमांक आला असता. पण उत्तेजक औषधांच्या प्रकरणात तेव्हा त्यांच्या देशाच्या धावपटूंवरच बंदी होती. मी हे बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "ईशापापा, मी तिथे धावले नाही. मग दुसरी कशी?"

गेल्या वर्षी शाळांच्या स्पर्धेत आमच्या चौघी रिलेत पहिल्या आल्या. शेवटी ईशा धावली. आम्ही टाळ्या वाजवत होतो, तोवर बाई पंचांकडे जाऊन सांगून आल्या, की ईशाने बॅटन, ती बदलायला आखलेल्या हद्दीच्या रेषेपलीकडे घेतली. पंचांच्या ते लक्षात आलं नव्हतं. संघ बाद झाला. शाळेच्या समितीवरचे एक पालक तोंडावर म्हणाले, "रशियात असताना हा खरेपणा कुठे होता, मॅडम?" बाईंचा करार वाढवायचा की नाही, ते याच समितीच्या हातात होतं.

त्यांना कुरुमला घरी सोडताना मी विचारलं, बाकी तिघींचा काय दोष? ईशा गाडीत मागच्या सीटवर तोंड फिरवून बसली होती.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "माझाही नव्हता. आम्हा चौघींना रिलेत मेडल मिळालं होतं. आई ते रोज पुसायची. काही वर्षांनी आमच्यातल्या एकीच्या चाचणीत औषध सापडलं. चौघींना मेडल परत करावं लागलं. आजचं आज गेलं तर मुलींना एकत्र रडता येतं. आम्हाला तेही जमलं नाही."

पण मुली एकत्र रडल्या नाहीत. तिघींनी ईशाशी बोलणं सोडलं. मी बाईंसाठी प्राचार्यांना भेटलो. त्यांनी खजूर पुढे केले, काहवा, म्हणजे अरबी कॉफी, पाजला, इन्शाल्ला म्हणाले. करार वाढला नाही.

शेवटच्या सरावाला ईशा मैदानाच्या एका टोकाला, तिघी दुसऱ्या टोकाला. बाईंनी तिघींना जवळ बोलावलं आणि परत कराव्या लागलेल्या मेडलची गोष्ट सांगितली. मी शेजारीच उभा होतो.

"औषध घेणारी माझी मैत्रीण होती," त्या म्हणाल्या. "ती दर नववर्षाला फोन करायची. मी उचलत नसे. आता ती करत नाही. मेडल त्यांनी नेलं. तिला मी घालवलं."

तिघींपैकी एक ईशाजवळ जाऊन बसली. दोघी गेल्या नाहीत. त्या आठवड्यात बाई मायदेशी परतल्या. त्या दोघी अजून ईशाशी बोलत नाहीत, आणि त्यांना असं काही सांगणारं मैदानावर आता कोणी नाही.