धुराड्यात सापडलेलं पितळी बटण

रुफिन कोपिएत्स कुणाच्याही घरी गेला की आधी दाराजवळच्या विटांना हात लावतो, मग माणसांकडे बघतो. खिशात एक वाकडा खिळा कायम. दोन विटांमधल्या दरजेत तो खिळा घालायचा, जरा खरवडायचं, बोटावर आलेली भुकटी चोळून बघायची आणि मान हलवायची, हा त्याचा नमस्कार. माझ्या नवऱ्याच्या, एर्नेस्टच्या अंत्यविधीला सगळे चर्चबाहेर डोळे पुसत उभे होते, तेव्हाही हा गृहस्थ चर्चच्या भिंतीला खिळा लावून उभा! असा संताप आला होता मला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "फ्रिडा, भिंत पक्की आहे. आपल्या एर्नेस्टला चांगल्या ठिकाणाहून निरोप मिळतोय." आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

तो माझ्या समोरच्या इमारतीत राहतो. तीस वर्षं खाणीत गवंडी होता. कोळसा काढणाऱ्यांची नावं होतात, त्यांचे सण होतात, पण बोगदा अंगावर येऊ नये म्हणून आत विटांच्या कमानी बांधणारेही लागतात, त्यांतला हा एक. निवृत्त झाला आणि खाणीतून निघून थेट आमच्या वस्तीच्या भिंतींवर चढला. खाणकामगारांची आमची अख्खी वस्ती लाल विटांची, शंभर वर्षांची. खिडक्यांच्या कडा आम्ही बायका दर वसंतात लाल रंगवतो, काचा तर दर शनिवारी पुसतो. विटांमधला चुना झिजून बाहेर पडतोय का, हे मात्र रुफिनशिवाय कुणी बघत नाही.

चुन्यावर बोलायला लागला की त्याला थांबवणं कठीण. "वीट मऊ आहे," तो म्हणतो, "तिला शेजारही मऊच लागतो. सिमेंट भरलंत तर पाणी आतच कोंडतं, थंडीत गोठतं आणि मग विटेचं तोंड फुटतं." जिथे जिथे दरजेत सिमेंट सापडेल तिथे तो कमरेवर हात ठेवून विचारणार, "कुठल्या गाढवानं भरलंय हे?" माझ्या वरच्या मजल्यावरची पेलागिया म्हणते, या वस्तीत माणसं कमी आणि रुफिनची गाढवं जास्त.

गेल्या एप्रिलमध्ये मी चादरी धुऊन माळ्यावर वाळत घातल्या. आमच्याकडे सगळ्यांचं धुणं माळ्यावरच वाळतं. दुसऱ्या दिवशी बघते तर धुराड्याच्या बाजूच्या दोन चादरींवर पिवळट तपकिरी डाग. पेलागिया वर आली, वास घेऊन म्हणाली, "फ्रिडा, तुझ्या चादरी विड्या ओढायला लागल्या की काय?" मला हसू आलं नाही. आमच्या इमारतीत कोळशाची चूल आता एकट्या माझ्याकडे उरली आहे. धूर माझाच होता.

धुराडी साफ करणारा आणि तपासणारा आखिम आला. काळा पोशाख, काळी टोपी, खांद्यावर दोरीचं वेटोळं. तो वस्तीत शिरला की लहानथोर सगळे अंगावरचं एखादं बटण चिमटीत धरतात, म्हणजे त्याच्या येण्याचं भाग्य आपल्याला लाभतं. एकटा रुफिन असतो बिनबटणाचा. काजांत चुना भरतो म्हणून तो बारा महिने चेनचं जाकीट घालतो, आणि मग शेजारी उभा असेल त्याचं बटण पकडतो.

आखिम माळ्यावरून उतरला तो तोंड पाडूनच.

"फ्रिडामावशी, दरजा गेल्या आहेत. धूर बाहेर येतोय. सप्टेंबरअखेर, सेंट मायकेलच्या सणापर्यंत दुरुस्त झालं नाही, तर मला तुझी चूल बंद करून मोहोर लावावी लागेल."

"तुझं शेंबडं नाक मी पुसलंय, आखिम."

"म्हणून तर सांगतोय. उद्या तू धुरानं गुदमरलीस तर मला असं टोचून बोलणार कोण?"

चूल बंद म्हणजे माझं बिऱ्हाड बंद. तीच घर गरम ठेवते, तिच्यावरच रविवारचे बटाट्याचे गोळे उकळतात. तिकडे परदेशी, बोखुम शहरात माझी मुलगी रेनाटा वाटच बघत होती. "आई, आता तरी ये. खोली तयार आहे, घर गरम ठेवायला भिंतीतून गरम पाण्याचे नळ आहेत." मुलगी गुणाची आहे, जावई तिच्याहून गुणाचा. पण मी इथे खिडकीत उशी टाकते, तिच्यावर कोपर टेकते आणि अख्खी गल्ली बघते. कोण कुणाकडे गेलं, कुणाच्या हातात लग्नघरचा कोलोच केक आहे, सगळं मला कळतं. तिथे खिडकीखाली काय, तर गाड्या उभ्या. मला जायचं नव्हतं. मी रेनाटाला तसं सांगितलं नाही, पण जायचं नव्हतं.

रुफिन म्हणाला, "मी करतो."

"वय किती तुझं?"

"एकाहत्तर. धुराडं शंभरीचं आहे. त्याच्यापुढे मी पोरगाच."

ऑगस्टच्या अखेरीस त्यानं काम सुरू केलं. माळ्यातला भाग आणि छपरावरचा भाग, दोन्हीकडे बाहेरून सिमेंटचा लेप. झालं! पहिल्याच दिवशी छपरावरून आवाज आला, "कुठल्या गाढवानं भरलंय हे?" दुसऱ्या दिवशी गाढवाच्या बापाचा उद्धार झाला. तिसऱ्या दिवशी त्याच्या गुरूचा. खाली गल्लीत लोक थांबून ऐकत होते. पेलागियानं तर भाज्या चिरायला बाहेर खुर्चीच टाकली.

मी खिडकीत उशीवर कोपर टेकून गप्प बसले होते. कारण ते गाढव मला माहीत होतं.

पस्तीस वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात ते धुराडं रुफिननंच भरलं होतं. खाणीतून सिमेंटच्या गोण्या बाहेर यायच्या, कुणी विचारायचं नाही, आणि सिमेंट म्हणजे तेव्हा सगळ्यांना सोनंच वाटायचं. गोण्या वर चढवल्या माझ्या एर्नेस्टनं आणि दुपारी दोघांना सूप वाढलं मी. रुफिन ते विसरला होता. इतकी धुराडी केल्यावर एखादं विसरायला होतंच. मी आठवण करून द्यायला हवी होती का? हवी होती. पण ज्या माणसाचं चुन्यावरचं भाषण इतकी वर्षं ऐकलं, तो तीन दिवस स्वतःलाच शिव्या घालतोय, हे सुख मला सोडवेना. एर्नेस्ट असता तर हसून हसून खाली पडला असता.

चौथ्या दिवशी दुपारी छिन्नीचा आवाज बंद झाला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पडला की काय हा? मी चपला घालून जिन्यात आले, तर तो वरून एकेक पायरी उतरत येत होता. तसाच माझ्या स्वयंपाकघरात शिरला, खुर्चीत बसला आणि टेबलावर काहीतरी ठेवलं. पितळी बटण होतं. खाणीच्या पोशाखाचं, एकमेकांवर आडवे दोन हातोडे असलेलं. तरुणपणी त्याची खोड होती, काम संपलं की शेवटच्या दरजेत एक बटण दाबायचं. धुराड्याला भाग्य म्हणून.

"माझं आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे."

त्यानं मान वर केली. "तुला माहीत होतं?"

"सूप कुणी वाढलं होतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू मध्ये बोलायला जागा ठेवली होतीस?"

मला वाटलं आता हसेल. तो हसला नाही. त्याचे हात मांडीवर नुसते पडून होते आणि तेव्हा मला माझी लाज वाटली. तीन दिवस मी ज्याची मजा बघत होते, तो माणूस माझ्यापुढे म्हाताऱ्यासारखा बसला होता.

"फ्रिडा, सिमेंट काढताना विटांची तोंडंही निघून येतात. सव्वीस विटा गेल्या. तुझी चूल माझ्यामुळे जातेय."

"आधी जेव."

"नव्या विटा तिथे बसणार नाहीत. त्याच भट्टीच्या, त्याच वयाच्या पाहिजेत."

"रुफिन, आधी जेव."

तो जेवला. दोन वाट्या आंबट सूप, वर उकडलेलं अंडं. मग चमचा ठेवून म्हणाला, "माझ्या सशांच्या खोपटाच्या विटा त्याच भट्टीच्या आहेत."

"आणि ससे?"

"सशांना लाकूड चालतं."

"इतकी दगदग या वयात झेपणार आहे का तुला?"

"गाढवाला ओझ्याची सवय असते," म्हणाला आणि उठला. बटण टेबलावरच राहिलं.

त्यानं स्वतःच्या खोपटाची मागची भिंत उतरवली. सव्वीस विटा घासून, पाण्यात बुडवून, दोन-दोन करत वर नेल्या. मदतीला कुणाला हात लावू दिला नाही. सिमेंटचा उरलेला कण न् कण त्यानं हातानं काढला. मशीन लावलं असतं तर दोन दिवसांत झालं असतं, पण मशीनला वीट कळत नाही म्हणाला. चुना त्याच्याकडे पिंपात दोन वर्षं भिजत पडलेला होता, दह्यासारखा घट्ट. त्यात वाळू कालवून तो ओल्या दरजांत चिमटी-चिमटीनं भरत, दाबत गेला.

मग एक दिवस दारात हजर. "जुन्या चादरी दे. चुना उन्हावाऱ्यानं घाईनं वाळला तर भुकटी होतो. ओलं पांघरूण लागतं."

मी त्या दोन डागाळलेल्या चादरी काढून दिल्या. ज्यांनी दुखणं सांगितलं होतं, त्याच आता शुश्रूषेला लागल्या. रुफिन रोज सकाळ-संध्याकाळ शिडी चढून त्यांच्यावर पाणी मारायचा. पेलागिया खालून ओरडायची, "फ्रिडा, तुझ्या धुराड्याचा ताप उतरला का गं?" सगळे हसायचे, मीही हसायचे. पण घरात आले की नजर कपाटावरच्या सुटकेसकडे जायची. एका सकाळी मी ती खाली काढून पुसलीसुद्धा. रुफिननं ती पाहिली. त्या दिवसापासून तो दुपारीही शिडी चढायला लागला.

सणाच्या आदल्या दिवशी आखिम आला. माझ्या चुलीत ओला पेंढा पेटवला, धुराड्याच्या तोंडावर ओलं पोतं टाकायला लावलं आणि दिवा घेऊन एकटा माळ्यावर गेला. धुराला वर वाट नाही, म्हणजे कुठे फट असेल तर तो तिथूनच निघणार. अख्खी इमारत खाली अंगणात जमली आणि जो तो आपापलं बटण धरून उभा. पेलागियानं दोन धरली होती. रुफिन माझ्या शेजारी, चेनच्या जाकिटात. त्यानं माझ्या स्वेटरचं मधलं बटण पकडलं.

"एवढा वेळ का लागतोय?" मी म्हटलं.

"नीट बघतोय. नीटच बघायला पाहिजे."

"मला बोखुमला जायचं नाही रे, रुफिन."

"मला ठाऊक आहे."

माळ्याची खिडकी उघडली आणि आखिमचं डोकं बाहेर आलं. "फ्रिडामावशी! एक तारसुद्धा येत नाही धुराची! हे काम कुणी केलंय?"

"त्याच गाढवानं!" रुफिन ओरडला आणि सगळं अंगण हसलं. हसता हसता त्याचा हात मागे आला तो बटण घेऊनच. इतकं घट्ट धरलं होतं त्यानं, की दोऱ्यासकट उपटून आलं. बिचारा असा ओशाळला, की खिशातला खिळा काढून उगाच जवळची भिंत खरवडायला लागला.

"राहू दे," मी म्हटलं, "माझ्याकडे दुसरं आहे."

त्याच संध्याकाळी मी ते पितळी बटण घासून स्वेटरला लावलं. रेनाटाचा फोन आला तेव्हा तिला सांगितलं, बाई, चूल पेटली आहे, येणं जमत नाही. ती म्हणाली, "आई, तू हसतेयस."

रविवारी रुफिन जेवायला आला. आधी दारातल्या विटांना हात लावला, मग माझ्याकडे बघितलं. चार तपकिरी बटणांत एक पितळी. बघतच राहिला.

"शोभत नाही," तो म्हणाला.

"न शोभू दे. चांगलं आवळून शिवलंय, आता कुणाच्या हातात यायचं नाही."

त्यानं दोन बोटांनी बटण जरा हलवून पाहिलं, खिळा घालून दरज बघतो तसंच. "इतकं आवळू नकोस, फ्रिडा. पितळ कठीण आहे, लोकर मऊ. फाटेल ती."

मी चष्मा लावला, दोरा उसवला आणि गोळे उकळेपर्यंत बटण पुन्हा शिवलं, जरा सैल हातानं.