मातीकाकांच्या कुंडीतला सोबती

मातीकाकांच्या नखांतली माती कधी गेली नाही. बंदरावरच्या लाकडाच्या वखारीत ते कारकून. टोपी स्वच्छ, कोटाला कडक इस्त्री, आणि बोटं मात्र भुईमूग उपटून आल्यासारखी. खरं नाव कुणी घेतच नसे. मी नवी सून म्हणून पनवेलला आले तेव्हा सासूबाईंनी पहिली ताकीद दिली, "शेजारी साप पाळलाय मेल्यानं. तिकडं फिरकायचं नाही."

मी फिरकलेच. साप कसला! वीतभर लांब, करंगळीएवढा जाड, शेपटी जणू तिरकी छाटून तिथं खापरी चिकटवलेली. म्हणून तो खापरखवल्या. विष नाही, फणा नाही. जंगलातल्या ओल्या पाचोळ्याखाली जन्मभर माती पोखरायची आणि गांडुळं खायची, एवढाच त्याचा संसार. कर्नाळ्याच्या पायथ्याशी बैलगाडीच्या चाकोरीत काकांना तो जखमी सापडला. तिथल्याच मातीसकट त्यांनी तो उचलून आणला आणि पडवीतल्या मोठ्या कुंडीत ठेवला. दर रविवारी सायकल हाणत कर्नाळ्याला जायचे नि डबाभर ओली माती आणायचे. "त्याला घरच्यासारखं वाटायला हवं, सूनबाई."

कुंडीत बघावं तर नुसता पाचोळा. मी चिडवायचे, "काका, आत आहे तरी का हो कुणी?" तर म्हणायचे, "दिसत नाही, बोलत नाही, पण आहे. एकट्या माणसाला एवढं पुरतं." बायको केव्हाच गेलेली, मूलबाळ नाही. कामावरून आले की पडवीत पाऊल टाकताना "आलो रे" म्हणायचे. भिंतीपलीकडून मला ते रोज ऐकू यायचं.

काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. त्या वर्षांत त्यांचे एकेक नातलग इस्रायलला जात होते. शेवटी धाकटा भाऊही निघाला. "चल ना दादा," म्हणून हातापाया पडला. काका हसले, "तिकडं वाळू फार म्हणतात. ह्याचं कसं व्हायचं?" भावाला बोटीवर पोचवायला ते मुंबईला गेले, आणि नेमकी मध्येच नागपंचमी आली.

मी पंचमीला माहेरी, नाहीतर हात धरला असता. वर्षभर शिव्या घालणाऱ्या सासूबाईंचं मन त्या दिवशी द्रवलं. सणाचा नागोबा उपाशी कसा ठेवायचा? कुंडीला हळदकुंकू वाहिलं, लाह्या टाकल्या आणि गूळ घातलेलं दूध ओतलं. दुसऱ्या दिवशी मी परतले तर कुंडी लाल मुंग्यांनी भरलेली. मुंग्यांनी त्या जिवाचं काही ठेवलं नव्हतं.

काका आले. पाहिलं. सासूबाई तोंडात पदराचा बोळा कोंबून रडत होत्या, तर तेच त्यांना समजावू लागले. "रडू नका वहिनी. माझ्या पडवीत नैवेद्य घेऊन याआधी कोण आलं होतं?" रागावले असते तर बरं वाटलं असतं हो!

त्यानंतर भिंतीपलीकडून "आलो रे" ऐकू आलं नाही. दिवाळी झाली आणि काकांनीही जायचं ठरवलं. टांगा दाराशी उभा राहिला. सासूबाई म्हणाल्या, "भावोजी, राहा ना इथंच."

"कुणासाठी राहू, वहिनी?" काकांनी अगदी साधेपणानं विचारलं. क्षणभर थांबले, मग ट्रंक उचलली.

टांगा नाक्यावरून वळला तेव्हा सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला. "अगं, 'आमच्यासाठी' म्हणायला हवं होतं गं मी!"