भावाला इथे लावाल का?

महानंदाला तीन भाषा येत होत्या आणि तिचं पोट त्या तीन भाषांवरच चाललं होतं. माहेर निपाणीच्या अलीकडचं खेडं. घरात मराठी, शाळेत कन्नड, आणि लग्न होऊन बेंगळुरूला आल्यावर हिंदीही हळूहळू अंगवळणी पडली. पुढची कित्येक वर्षं तिने एका बँकेच्या ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घेण्यात काढली. कुणाचं कार्ड अडकलेलं, कुणाचा हप्ता दोनदा कापलेला. दिवसभर लोक तिच्यावर खेकसायचे आणि ती ‘सरी सर’, ‘जी मॅडम’ करत राहायची. त्या नोकरीने एक खोड मात्र कायमची लावली. घरी आलं की तिला कुणाचाच आवाज सोसवत नसे, मिक्सरचासुद्धा.

ती नोकरी सुटली तेव्हा ओळखीतून तिला आशयकडे काम मिळालं. आशय पुण्याचा, तिच्याहून बराच लहान. बेंगळुरूतल्याच जयनगरात एका साड्यांच्या दुकानाच्या माडीवर दोन खोल्या घेऊन तो आणि त्याची भागीदार अमृता एक वेबसाइट उभी करत होते. नाव ठेवलं होतं ‘नम्म ड्यूटी’, म्हणजे आपली ड्यूटी. काम करणाऱ्यांनी आपल्या कंपनीबद्दल खरंखुरं सांगायचं, म्हणजे नव्याने लागणाऱ्याला आत काय आहे ते आधीच कळेल. ऑफिसातल्या लोकांना असं लिहायला जागा आहेत, आशय म्हणायचा, पण कारखान्यात उभ्याने काम करणारा माणूस कुठे लिहीत बसणार? म्हणून त्याने फोनची लाइन ठेवली. माणसाने आपल्या भाषेत बोलायचं, ते साठवलं जायचं, महानंदाने ऐकून टाइप करायचं, आणि नाव न छापता ते वेबसाइटवर जायचं.

लाइनवर तीन प्रश्न होते. इथे चांगलं काय? वाईट काय? तिसरा आशयचा लाडका होता: ‘तुमच्या सख्ख्या भावाला इथे कामाला लावाल का?’ महानंदाला तो प्रश्न पोरकट वाटला होता. पण लोक पहिल्या दोन प्रश्नांना भराभर उत्तरं द्यायचे आणि तिसऱ्यापाशी येऊन अडखळायचे.

वेबसाइट सुरू होण्याआधी ती आणि अमृता बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत जाऊन कारखान्यांच्या फाटकांसमोरच्या चहाच्या टपऱ्यांवर नंबराची पोस्टरं लावून आल्या. त्यातल्याच एका कारखान्यात महानंदाचा नवरा, शिवकुमार, कामाला होता. गाड्यांचे प्लॅस्टिकचे भाग तिथे बनत. त्या फाटकाशी जायला तिला संकोच वाटला. उगीच कुणी ओळखायचं. तिथली पोस्टरं तिने अमृतावर सोपवली आणि आपण रिक्षात बसून राहिली.

उद्‌घाटन तसं छोटंच झालं. आशयच्या ओळखीची तरुण मंडळी आली, म्हैसूरपाक वाटला गेला, पडद्यावर वेबसाइट उघडली तेव्हा टाळ्या पडल्या. ज्यांच्यासाठी ती काढली होती त्यांच्यातलं कुणी नव्हतं. त्यांची पाळी चालू होती. दुसऱ्या दिवसापासून महानंदा कानाला हेडफोन लावून बसली.

शिवणकामाच्या कारखान्यातली एक बाई सांगत होती की पाणी प्यायला उठलं तर नाव लिहून घेतात, म्हणून आम्ही पाणीच पीत नाही. एका वॉचमनला रात्रपाळीबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं, नुसतं खुर्ची द्या म्हणाला. एकजण काही न बोलता श्वास घेत राहिला आणि मग फोन ठेवून दिला. बँकेतले लोक तिच्यावर ओरडायचे, ते एका परीने बरं होतं. हे लोक हळू बोलायचे, आणि हळू बोललेलं ऐकायला जास्त त्रास होतो.

संध्याकाळी ती मेट्रोत उभी राहून, पुढे बस धरून चंदापूरच्या घरी पोहोचे तोवर तिच्यात काही उरलेलं नसे. शिवकुमार पहिल्या पाळीहून आधीच आलेला असायचा. मुलगी धारवाडला हॉस्टेलवर, त्यामुळे घरात दोघंच. ती आली की तो काहीतरी सांगायला तोंड उघडायचा आणि ती चप्पल काढता काढताच म्हणायची, “जरा गप बसा की हो. कान किटलेत माझे.” तो गप बसायचा. पुढे पुढे तर तिला सांगावंही लागेना. आवाज बंद ठेवून तो टीव्ही बघत बसायचा, आणि तिला वाटायचं, बरं झालं, समजूतदार आहे.

एका गोष्टीवरून मात्र ती स्वतःहून बोलायची. शिवकुमारचा धाकटा भाऊ परसू गावाकडे रिकामा होता. सासूबाईंचा, गोजराबाईंचा, दर दोन-चार दिवसांनी फोन यायचा की त्याला तुझ्या कंपनीत चिकटव. शिवकुमार ‘बघतो’ म्हणायचा आणि बघायचा नाही. महानंदाला सासूचं पटायचं. इतकी वर्षं त्या मशीनवर काढलेल्या माणसाला एक शब्द टाकायला काय जातं? एकदा तर ती टोचून बोलली, की पाठच्या भावाचं एवढंही करवत नाही होय तुमच्यानं. त्यावर तो उठून गॅलरीत गेला होता.

आणि मग एका दुपारी जेवण झाल्यावर तिने लाइनवरचा पुढचा आवाज लावला.

माणूस कन्नडमध्ये बोलत होता, सावकाश, कागदावरून वाचावं तसं. पगार वेळेवर येतो. कँटीन ठीक आहे. मी मशीन चालवायचो. मग नवीन मशिनं आली, नवीन पोरं आली. मला कुणी रागावलं नाही. एका सोमवारी गेलो तर माझ्या जागी दुसरा उभा होता. सुपरवायझर म्हणाले, शिवण्णा, तुम्ही आजपासून पॅकिंगला. आता खोकी भरतो. पूर्ण पाळी उभं राहायचं, बसायला काही नाही.

महानंदा सवयीने टाइप करत होती. ‘शिवण्णा’ या शब्दापाशी बोटं थबकली, पण शिवण्णा या शहरात पैशाला पासरी. घरी शिवकुमार तिच्याशी मराठीत बोलायचा, आणि एवढी वाक्यं एका दमात त्याच्या तोंडून तिने कैक महिन्यांत ऐकली नव्हती. ओळख पटली ती खोकल्याने. तिसरा प्रश्न आला, माणूस खोकला, आणि त्याची कन्नड सुटली.

“भावाला?” तो मराठीत म्हणाला. “न्हाई लावणार. तो कवाचा मागं लागलाय, आई फोन करती, बायकोबी बोलती. पर त्याला आणला तर तो बघंल की मी काय करतोय ते. आन् उद्या त्याचंबी असंच व्हायचं. हे घरी बोलायचं हुतं. पर बायको दमून येती. तिचंबी खरंच हाय.”

पुढे नुसता टपरीवरच्या गर्दीचा कलकलाट होता. महानंदाने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि ती जिन्यात जाऊन उभी राहिली. खाली साड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांची घासाघीस चालली होती. तिला रडू येत नव्हतं. रडायलाही अंगात थोडी शक्ती लागते.

परत येऊन तिने आशयला सांगितलं की हा माझ्या घरातलाच माणूस आहे, मी टाइप करू की अमृता करेल? आशयचा चेहराही त्या दिवसांत ओढलेला दिसायचा. तो म्हणाला, “ताई, तुम्हीच करा. फक्त ओळख पटेल असं काही ठेवू नका. त्यांची नोकरी आहे.”

म्हणून तिने मजकुरातून मशीन काढलं. सोमवार काढला, सुपरवायझरचं बोलणं काढलं. आई गेली, बायको गेली. वेबसाइटवर जे चढलं ते एवढंच: पगार वेळेवर, कँटीन ठीक, पॅकिंगला पूर्ण पाळी उभं राहावं लागतं, बसायची सोय नाही, भावाला लावणार नाही. वाचणाऱ्याला त्यात विशेष काही वाटलं नसतं.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर तिने चहा टाकला आणि कप घेऊन त्याच्यासमोर बसली. विषय कसा काढायचा ते तिला सुचेना, म्हणून सरळच बोलली. “लाइनवर तुमचा आवाज ऐकला.”

शिवकुमारने टीव्ही बंद केला. पोस्टर फाटकासमोरच होतं, तो म्हणाला.

“मी ऐकणार हे माहीत होतं?”

“दुसरं कोण हाय तिथं ऐकायला?” तो कपाकडे बघत म्हणाला. “तिथं तू गप बसा म्हणत न्हाईस.”

तिला रागही आला नाही. कप खाली ठेवून तिने पाय दाखवा म्हटलं. त्याने पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली. पोटऱ्यांवरच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. एकाच घरात राहून तिने त्या पाहिल्या नव्हत्या.

पुढच्या फोनला त्याने स्वतः आईला सगळं सांगितलं. आपलं मशीन गेलं, आपण खोकी भरतो, परसूला इथे आणायचं नाही. गोजराबाईंनी एवढंच विचारलं, “मग तुझं रं काय, लेकरा?” चाललंय, तो म्हणाला. परसू पुढे संकेश्वरला एका ट्रॅक्टरच्या गॅरेजात लागला.

‘नम्म ड्यूटी’ची फोनलाइन वर्षभरही टिकली नाही. कारखान्यातली माणसं बोलायची, पण त्यांचं बोलणं वाचायला कुणी येत नव्हतं. कंपन्यांचे फोन मात्र यायचे, हे काढा, ते काढा. आशयने जमेल तितके दिवस नेट धरला. शेवटी लाइन बंद केली आणि वेबसाइट ऑफिसवाल्यांसाठी ठेवली. ते आपलं आपण लिहितात. त्यात कुठे शिवीगाळ आहे का, एवढं महानंदा बघते. दमायला होतं ते होतंच.

शिवकुमार अजून पॅकिंगलाच आहे. मेडिकलमधून आणलेले घट्ट मोजे घालून जातो. कधी ती त्याचं ऐकते, कधी आजही हात वर करून नको म्हणते. परवा तो सांगत होता की पॅकिंगच्या एका बाईने बसायला रिकामं खोकं पालथं घातलं होतं, ते सुपरवायझरने उचलून नेलं, तर दुसऱ्या दिवशी तिने दुसरं आणलं. ऐकता ऐकता खुर्चीतच महानंदाचा डोळा लागला. त्याच्या ते लक्षात आलं. त्याने आवाज लहान केला, पण गोष्ट पुरी सांगितली.